मत्स्य समितीचे सभासद आहात? या चुका टाळा

निवृत्तीनंतर मी इंदूर जिल्ह्यातल्या, देपालपूर-सांवेर भागातल्या दोन-तीन मत्स्य समित्यांच्या, म्हणजे मच्छीमारांच्या सहकारी संस्थांच्या, हिशेबाच्या वह्या बघून देतो. फी म्हणाल तर चहा, आणि कधीमधी पिशवीतून आलेला रोहू. (आमच्याकडे मासे शिजत नाहीत, तो शेजारी जातो.) मालक म्हणून मिरवणारा सभासद वहीत बहुतेक वेळा मजूर निघतो. तो कसा होतो, ते आधी सांगतो.

नाव समितीचं, तळं सेठचं

मध्य प्रदेशात पंचायतींचे तलाव दहा वर्षांच्या पट्ट्याने, म्हणजे भाडेपट्ट्याने, देतात आणि पिढीजात मच्छीमारांच्या समित्यांना प्राधान्य असतं. अडचण पहिल्याच वर्षी येते. पट्ट्याची रक्कम, बीज (तळ्यात सोडायची माशांची पिल्लं), जाळं, होडी, सगळं एकदम लागतं आणि समितीच्या खात्यात खडखडाट. मग बाजारातला एखादा सेठ "मी भरतो" म्हणतो. कागदावर ती उचल असते. प्रत्यक्षात मासा सेठ ठरवेल त्या दराने जातो आणि सभासद आपल्याच तळ्यावर रोजाने जाळं ओढतात.

आपलं असं झालंय का, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. पट्ट्याचे पैसे कोणाच्या खात्यातून गेले? भाव कोण ठरवतं? पासबुक कुठे आहे? एका अध्यक्षांना मी पासबुक मागितलं, तर म्हणाले, "भिया, वो तो सेठजी के यां रक्खी है, कल ले आऊंगा." त्या 'कल'ला चार महिने लागले.

अडकला असाल तर एकदम भांडू नका. उचल किती घेतली, फिटली किती, हे लेखी मागा. सभेत ठराव करून उचल फिटेपर्यंत किती किलो मासा कोणत्या भावाने द्यायचा ते लिहून घ्या. उरलेला खुल्या बाजारात न्या. तलाव परस्पर दुसऱ्याला दिल्याचं उघड झालं, तर पट्टा समितीचा धोक्यात येतो. सेठ दुसरं तळं शोधतो. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मत्स्यपालनालाही मिळतं. बँकेच्या चकरा होतात, पण बँक मासा मागत नाही.

काटा आणि कडता

वजन काठावरच आणि सभासदांच्या डोळ्यांदेखत करा. ओल्या टोपलीचं वजन आधी घ्या. कडता, म्हणजे वजनातून वजा करायची सूट, किती कापायचा ते जाळं टाकण्यापूर्वी ठरवा, मासा टोपलीत पडल्यावर ऐकावंच लागतं. चिठ्ठ्या दोन करा, एक समितीची आणि एक सभासदाची. यावरून वाद होतील. होऊ द्यात.

बीज आणि पहाट

पावसाळ्यात बीज एकत्र आणलं की स्वस्त पडतं. लहान माणसाला समितीचा खरा उपयोग इथे होतो. पण लोक पिशव्या मोजतात, मासे मोजत नाहीत. एका छोट्या गाळणीत किती पिल्लं मावतात ते एकदा मोजा, मग गाळण्या मोजत जा. पिशवी पंधरा-वीस मिनिटं तळ्यावर तरंगू द्या, मग उघडा. आणि स्वस्त मिळालं म्हणून जिरे (अगदी बारीक, नुकती जन्मलेली पिल्लं) थेट मोठ्या तळ्यात सोडू नका, तिथे पिल्लं खाणारी मरळ वाटच बघत असते. पिल्लं बोटाएवढी होईपर्यंत लहान टाक्यात किंवा हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पेटीत, ठेवा.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर पाण्यात प्राणवायू कमी झालाय. खाद्य बंद करा, पंप लावून तळ्याचंच पाणी तळ्यात उंचावरून पाडा. ढगाळ दिवसांत हे जास्त होतं. तळं सगळ्यांचं, त्यामुळे पहाटे बघायला कोणीच जात नाही. पाळ्या लिहून लावा.

बायकोचं नाव

बाजारात पाटी घेऊन बाई बसते, सभासद मात्र नवरा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला खर्चाच्या ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य आहे. हे कळलं की घाईघाईने बायकांची नावं चढतात. सही तिची आणि पासबुक तुमच्या खिशात असेल, तर सेठने तुमचं केलं तेच तुम्ही तिचं केलंत.

पट्ट्याची शेवटची तारीख

मध्य प्रदेशातल्याच तवा धरणाने उठवलेल्या आदिवासींच्या तवा मत्स्य संघाला १९९६ साली जलाशयात मासेमारीचा हक्क मिळाला. गावोगावच्या समित्या मासा धरत, संघ विकत असे, आणि त्यांचा कारभार नावाजला गेला. २००६ च्या अखेरीस मुदत संपली आणि वन्यजीव संरक्षणाच्या कारणाने ती वाढवून मिळाली नाही. एवढ्या मोठ्या संघाची ही गत, आणि आपल्याकडे पट्टा संपल्याचं नोटीस आल्यावर कळतं. निदान वर्षभर आधी अर्जाच्या मागे लागा आणि तोवर ऑडिट पूर्ण ठेवा.

सांवेरकडच्या एका समितीने ती तारीख होडीच्या आतल्या अंगाला ऑइलपेंटने लिहिली आहे. दर पावसाळ्यानंतर पुन्हा गिरवावी लागते.