जुन्या पीसीला ग्राफिक कार्ड घालताय? आधी या चुका टाळा

"दादा, नवंकोरं कार्ड हाय, पण डिस्प्लेच येईना झालाय."

कुपवाडचा एक पोरगा मित्राच्या गाडीवर मागं बसून, कॅबिनेट मांडीवर धरून सांगलीच्या विश्रामबागेत माझ्याकडं आला होता. तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, एच61 बोर्ड, 8 जीबी रॅम आणि त्यात ऑनलाइन मागवलेलं ग्राफिक कार्ड. पंखे फिरत होते, स्क्रीन मात्र काळी ठिक्कर. मी कार्ड काढून माझ्या मशीनला लावलं, तर पहिल्या फटक्यात चालू. कार्डात काहीच खोट नव्हती. पोरानं कार्ड ठरवायला दहा व्हिडिओ बघितले होते, पण स्वतःच्या कॅबिनेटचं झाकण एकदाही उघडलं नव्हतं.

नोकरी सांभाळून संध्याकाळी पीसी दुरुस्तीचे हे उद्योग करतो, त्यामुळे "इतक्या बजेटमध्ये कुठलं कार्ड घेऊ?" हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. मी उलट विचारतो, "एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, कुठला आहे?" इथंच निम्म्या लोकांचं तोंड उतरतं.

कार्ड हवंय की ब्रश?

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानदाराच्या मुलाचा पीसी आला होता. गेम सुरू केला की पाच मिनिटं बरा चालायचा, मग अडखळायला लागायचा. "कार्ड जुनं झालंय, नवं टाकू" असं घरात ठरलंही होतं. कॅबिनेट दुकानाच्या पोटमाळ्यावर ठेवलेलं. उघडलं तर आत सगळं पिवळंधमक. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण तिची भुकटी हीटसिंकच्या पात्यांत बसली की नमद्यासारखी घट्ट होते, हे कुणी सांगत नाही. कार्डाचं तापमान चढलं की ते स्वतःला वाचवायला वेग कमी करतं, आणि आपल्याला वाटतं कार्ड म्हातारं झालं. गच्चीत नेऊन ब्लोअर मारला, चिप आणि हीटसिंकमधली वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावली, एवढ्यावर काम भागलं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. मोकळं सोडलं तर भन्नाट वेगानं फिरून बेअरिंग खराब होतं.

म्हणजे पहिली चूक ही की आजार न बघताच औषध आणायला जाणं. आफ्टरबर्नरसारखं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि गेम चालू असताना कार्डाचा वापर आणि तापमान कोपऱ्यात दिसू द्या. कार्ड 97-98 टक्के वापरात असेल, तापमान आटोक्यात असेल आणि तरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) कमी पडत असतील, तर कार्ड खरंच अपुरं आहे. वापर 50-60 टक्क्यांवर घुटमळत असेल, तर दुखणं दुसरीकडं आहे. त्याकडं पुढं येतो.

एसएमपीएसवरचा मोठा आकडा वाचू नका

यावर मी जरा जास्त बोलणार, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं.

कॅबिनेटबरोबर फुकटात आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात 450 वॅट छापलेलं असतं. तो आकडा सोडा. बाजूच्या स्टिकरवर बारीक अक्षरातला तक्ता असतो, त्यात 12 व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. कुपवाडच्या त्या मशीनमधल्या डब्यावर होतं 14 अँपिअर. 12 गुणिले 14 म्हणजे 168 वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही जेवतात ते याच 12 व्होल्टच्या ताटातून. आय-फाइव्ह 3470 चा टीडीपी, म्हणजे ढोबळ वीजखर्च, 77 वॅट. त्यात आरएक्स 6600 सारखं 132 वॅटचं कार्ड घातलं की दोघांचेच 209 झाले. पंखे आणि हार्डडिस्क अजून बाकीच आहेत. मग डेस्कटॉपवर सगळं छान दिसतं, गेममध्ये पहिला स्फोट झाला की पीसी रिस्टार्ट होतो, आणि माणूस ड्रायव्हर बदलत बसतो.

आता वायरींचं गणित. बोर्डाच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात, 6 पिनच्या वायरीतून आणखी 75, आणि 8 पिनच्या वायरीतून 150. एसएमपीएसला ही वायरच नसेल, तर त्याचा अर्थ समजून घ्या: बनवणाऱ्यानंच सांगितलंय की याच्याकडून ही अपेक्षा करू नका. पण लोक काय करतात, साटा (हार्डडिस्कला जाणारी वायर) टू 6 पिन असं कन्व्हर्टर आणतात. साटा पॉवरच्या कनेक्टरची 12 व्होल्टवरची क्षमता 54 वॅट असते आणि तुम्ही त्यातून 75 ओढायला निघालाय. वितळून एकजीव झालेले असे दोन कनेक्टर मी पकडीनं सोडवलेत. आणखी एक: प्रोसेसरची 8 पिनची वायर आणि कार्डाची 8 पिनची वायर दिसायला बहिणी, पण आतली प्लस-मायनसची मांडणी उलटी. बसत नाही म्हणून दाबून बसवू नका.

ब्रँडेड कंपनीचे जुने ऑफिस पीसी हल्ली रिफर्बिश्ड होऊन बरेच येतात. मशीन मजबूत असतात, पण कित्येकांचा एसएमपीएस खास त्याच बोर्डासाठी बनवलेला असतो, कनेक्टरच वेगळा. बाजारातला साधा एसएमपीएस लागत नाही. बारीक कॅबिनेट असेल तर कार्डही अर्ध्या उंचीचं लागतं. अशा मशीनला वेगळी वायर न मागणारं, 75 वॅटच्या आतलं कार्ड घ्या आणि गप बसा. जीटीएक्स 1650 ची काही मॉडेल्स, आरएक्स 6400, आणि 2024 मध्ये आलेलं 6 जीबीचं आरटीएक्स 3050 (70 वॅट) ही त्यातली नावं.

यूपीएसही यातच आला. महावितरणची लाइट जायची ती जाणारच. 600 व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण 360 वॅट, तेही बॅटरी धडधाकट असताना. कार्ड बदलल्यावर "लाइट गेली की यूपीएस पण लगेच मरतोय" अशी तक्रार आली, तर यूपीएस बिघडलेला नसतो, त्याच्यावरचं ओझं वाढलेलं असतं.

स्लॉटमध्ये बसलं म्हणजे जमलं, असं नाही

लांब स्लॉट सगळ्या बोर्डांवर सारखाच दिसतो आणि कुठलंही कार्ड त्यात बसतं. पण वाटेची रुंदी, म्हणजे लेनची संख्या, वेगळी. आरएक्स 6500 एक्सटी आणि आरएक्स 6400 ही कार्डं कंपनीनं चारच लेनची बनवली आहेत. पीसीआय-ई म्हणजे हाच स्लॉट, त्याच्या 4.0 पिढीच्या बोर्डावर त्या चार लेनमधून सेकंदाला साधारण 8 जीबी जातात, 3.0 च्या बोर्डावर 4 जीबी, आणि दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर असेल तर 2.0 म्हणजे जेमतेम 2. कार्डाची स्वतःची 4 जीबी मेमरी भरली की उरलेला माल याच बोळातून ये-जा करणार. गणपती पेठेत सणाच्या दिवशी ट्रक घातल्यासारखं होतं. यूट्यूबवर दिसणारे एफपीएस नव्या बोर्डावरचे असतात, ते तुमच्या घरी येत नाहीत. 75 वॅटच्या यादीत 6400 चं नाव मी वर घेतलंय, पण जुन्या बोर्डासाठी माझा नंबर 1650 लाच, कारण त्याला पुऱ्या 16 लेन आहेत.

इंटेलच्या आर्क कार्डांचा मोह वेगळाच. मेमरी भरपूर, किंमत बरी. पण त्यांना रिसाइझेबल बार ही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) सोय चालू लागते, आणि ती नसेल तर कामगिरी चांगलीच पडते. इंटेलनं स्वतः दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सुचवलेत. चौथ्या पिढीच्या मशीनवर आर्क घालणं म्हणजे बैलगाडीला ट्रॅक्टरचं चाक.

आणि बायोस, म्हणजे पीसी सुरू होताना बोर्डावर सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम. कुपवाडच्या पोराचं घोडं इथंच अडलं होतं. तिसऱ्या पिढीपर्यंतच्या बऱ्याच बोर्डांचं बायोस नव्या कार्डाला ओळखच देत नाही. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलचं, त्याच रिव्हिजनचं शेवटचं बायोस शोधलं, पेनड्राइव्हवर घेतलं, जुना डिस्प्ले ऑनबोर्डवरून घेऊन अपडेट मारलं. यूपीएसची बॅटरी आधी तपासली, कारण बायोस अर्धवट राहिलं की बोर्डच जातो. रिस्टार्ट झाल्यावर डिस्प्ले आला. प्रत्येक बोर्डाला असं अपडेट मिळेलच असं नाही, म्हणून हा शोध कार्ड घ्यायच्या आधी घ्यायचा.

"किती जीबीचं आहे?"

हा आपल्याकडचा लाडका प्रश्न. दुकानदारालाही तो आवडतो, कारण 4 जीबीचं, पण मंद, जीटी 730 दाखवून त्याची सुटका होते. जीबी म्हणजे गोदामाचा आकार. माल किती वेगानं आत-बाहेर होतो ते मेमरीच्या जातीवर आणि चिपवर ठरतं. जीटी 1030 चंच बघा: खोक्यावर नाव तेच, जीबी तेवढेच, पण एका प्रकारात जीडीडीआर5 मेमरी आणि दुसऱ्यात डीडीआर4. पहिल्याचा वेग सेकंदाला 48 जीबी, दुसऱ्याचा 17 सुद्धा नाही.

प्रोसेसर मागं पडतोय का

कार्डाचा वापर 50-60 टक्क्यांवरच राहतो, ते प्रकरण आता. एक साधी परीक्षा आहे. गेमचं रिझोल्यूशन 1080 वरून 720 वर आणा. एफपीएस टणकन वाढले तर कार्ड अपुरं होतं. जिथल्या तिथं राहिले तर प्रोसेसर दमलाय, आणि कितीही महाग कार्ड आणलं तरी तो तेवढंच देणार. व्हॅलोरंटसारखे गेम मुळातच प्रोसेसरवर चालतात. चार कोर, चार थ्रेडच्या जुन्या आय-फाइव्हवर पोरं व्हॅलोरंटसाठी कार्ड बदलतात आणि नंतर माझ्याकडं बघतात.

रॅमची एकच पट्टी असेल तर तसलीच दुसरी टाकून ड्युअल चॅनेल करा, गेम साध्या हार्डडिस्कवर असेल तर एसएसडीवर घ्या. कार्डाच्या मानानं हा खर्च किरकोळ आहे, आणि अडखळणं कित्येकदा एवढ्यानंच थांबतं. मॉनिटर 60 हर्ट्झचा असेल, तर 140 एफपीएस देणारं कार्ड घेऊन ते दिसणार कुठं?

सेकंड हँड घेताना

मी स्वतः सेकंड हँडच्या बाजूचा आहे. पण कार्ड चालू पीसीला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. "भावा, एकदम कंडिशनमध्ये" यावर जाऊ नका. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. जीटीएक्स 550 टीआयसारख्या म्हाताऱ्या कार्डाचं बायोस बदलून त्याला 1050 टीआय म्हणून विकणारे महाभाग आहेत. जीपीयू-झेड अशा बऱ्याच कार्डांच्या नावाआधी 'फेक' असं लिहून दाखवतं. "1050 टीआय" म्हणतायत आणि मागं निळं व्हीजीए पोर्ट आहे, तर तिथूनच परत फिरा. मग अर्धा तास गेम लावून बसा. ठिपके, चौकोन, रंगीत रेघा दिसल्या, पंखा घरघरला, तर नमस्कार.

15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक कार्डांवर चालणारं मायनिंग बंद पडलं आणि त्यातली कार्डं बाजारात आली. मायनिंगचं कार्ड म्हणजे टाकाऊच असं मी म्हणणार नाही. पंखे आणि थर्मल पॅड झिजलेले असतात, ते बदलता येतात. हीट गन मारून जिवंत केलेलं कार्ड मात्र महिना-दोन महिन्यांचं पाहुणं. चिपच्या कडेला जळका तपकिरी चिकट थर दिसला तर ओळखा.

आपल्या भागात एक जादा तपासणी: पुराची. 2019 आणि 2021 ला पाणी दुकानांत, घरांत शिरलं, आणि वाळवून विकलेला माल अजून फिरतोय. कार्डाच्या पत्र्यावर गंज, स्क्रूच्या खाचेत गाळाचा कण, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड, यातलं काही दिसलं तर किंमत विचारूच नका.

ड्रायव्हरचंही बघा. एनव्हिडियानं जीटीएक्स 900 आणि 1000 मालिकेचे गेमसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर 2025 पासून थांबवलेत. फक्त सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर 2028 पर्यंत मिळतील. 1650 पुढच्या पिढीचं असल्यामुळे यातून सुटलं. आणि डूम: द डार्क एजेससारखे काही नवे गेम कार्डात रे ट्रेसिंगची (प्रकाश-सावल्यांचं गणित करणारी) सोय नसेल तर सुरूच होत नाहीत, तिथं कुठलंही जीटीएक्स कामाचं नाही.

लावल्यावर डिस्प्ले आला नाही तर

घाबरू नका. आधी मॉनिटरची वायर कार्डालाच लावलीय ना बघा. हसू नका, सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं. मग पॉवरची वायर खटकन आवाज येईपर्यंत बसलीय का, कार्ड स्लॉटमध्ये मागच्या कुलपापर्यंत गेलंय का. कार्डाचे सोनेरी दात खोडरबरनं पुसून परत बसवा. मॉनिटर व्हीजीएचा असेल, तर नव्या कार्डाला तो सिग्नलच नसतो. आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेलं एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर लागतं, नुसती वायर चालत नाही. कार्ड एका बाजूला लटकत असेल तर खालून आधार द्या.

डिस्प्ले येतोय पण गेम क्रॅश होतोय, आणि आधीचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं होतं, तर सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर काढायच्या सॉफ्टवेअरनं जुना ड्रायव्हर मुळासकट काढा. बायोसमधलं सीएसएम (जुन्या पद्धतीनं सुरू व्हायची सोय) बंद करायच्या फंदात पडलात तर विंडोज सुरू होणार नाही अशी शक्यता आहे, कारण जुनी विंडोज बहुधा एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर टाकलेली असते. आधी डेटाचा बॅकअप, मग विंडोजमधल्याच एमबीआर2जीपीटीनं डिस्कची मांडणी बदलायची, मग सीएसएम.

कुपवाडच्या पोराचं पुढं काय झालं, तर डिस्प्ले घेऊन खुशीत गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. गेममध्ये पीसी रिस्टार्ट होत होता. एसएमपीएस बदलला, थांबलं. त्याचा तो जुना 450 वॅटवाला डबा माझ्याकडंच राहिला. आता कुणी कार्डाचं विचारायला आलं की मी आधी तो हातात देतो आणि म्हणतो, याची ताकद किती ते वाचून सांग. बहुतेकजण मोठ्या अक्षरातलं 450 वाचतात आणि डबा परत देतात.