शाहिरीची जुनी कॅसेट पुन्हा लावताना

चळवळीच्या गाण्यांची कॅसेट रोज लावायची नसतेच. तासभर हलगी, डफ आणि टिपेला गेलेला आवाज. लागोपाठ चार दिवस ऐकलं की त्यातला संताप नुसता गोंगाट वाटू लागतो. फीतही दर वेळी थोडी झिजते. वर्षातून एक-दोनदा पुरे.

सांगलीकडं ती आठवते १ ऑगस्टला, वाटेगावच्या अण्णाभाऊ साठेंच्या जयंतीला. नेमके पावसाचे दिवस! वर्षभर कपाटात दमट झालेली कॅसेट तेव्हा थेट डेकमध्ये, म्हणजे कॅसेट प्लेअरमध्ये, घालणं हीच मोठी चूक. तयारी मे महिन्यातच उरकावी.

कॅसेट उजेडात धरून फितीची गुंडाळी बघा. कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती डेकमध्ये नकोच, हेडवरून, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून, पुढच्या कॅसेटला लागते. फितीमागचा फेल्टचा बारका तुकडा जागेवर आहे ना, तेही पाहा. तो गळला की आवाज दबतो आणि मधेमधे जातो. सगळं ठीक असेल तर षटकोनी पेन्सिल चाकात घालून दोन-चार वेढे हातानं फिरवा. सहज फिरलं तरच डेकमध्ये एकदा शेवटपर्यंत पुढं आणि मग पूर्ण मागं न्या. चिकटलेले थर सुटतात. शिवाय जोरकस आरोळी शेजारच्या थरावर उमटलेली असते आणि खऱ्या आरोळीच्या क्षणभर आधी पुसट ऐकू येते. तेही यानं थोडं कमी होतं. ९० मिनिटांची फीत ६० मिनिटांच्या फितीपेक्षा पातळ असते, तिला फार मागंपुढं करू नका.

हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसा आणि पाच मिनिटं वाळू द्या. रबरी रोलरला मात्र ओलसर कापड बरं, अल्कोहोलनं काही रबरं कडक होतात. एवढं करूनही शाहिराचा आवाज जाड, रेंगाळता आला तर बहुधा डेकचा बेल्ट सैल झालाय. वेग बरोबर, पण हलगीची थाप बोथट? मग हेडशेजारचा छोटा स्क्रू, कॅसेट चालू ठेवून, अगदी किंचित फिरवा. थाप टणकली की थांबा.

आवाज वाढवून फाटका सूर सुधारत नाही. तो रेकॉर्डिंगच्या वेळीच फाटलेला असतो. त्यापेक्षा ट्रेबल थोडं उतरवा, बेसला हात लावू नका. आणि सुरुवात गाळू नका. अण्णाभाऊंनी गणाच्या, म्हणजे सुरुवातीच्या गणेशवंदनेच्या, जागी मायभूमीला वंदन आणलं. पुढच्या तडाख्याचा रोख तिथंच कळतो.

त्याच बैठकीत डिजिटल प्रत करून घ्या. डेकच्या लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनला, माइकच्या भोकात नव्हे. सर्वात मोठी आरोळी रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या आत ठेवा. तासाभराची वेव्ह फाइल साधारण ६०० एमबी होते. मग जयंतीला ती प्रत वाजवा, रात्री दहाच्या आत.