हुर्यो उडवण्याआधी काढायची वही

मी डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत पी.टी. शिकवते. 1 एप्रिल 2024 च्या संध्याकाळी भाच्याला घेऊन मी वानखेडेवर गेले होते. आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सचा त्या मोसमातला घरच्या मैदानावरचा पहिला सामना, समोर राजस्थान. मुंबईचा नवा कर्णधार हार्दिक पंड्या टॉसला आला आणि चारी बाजूंनी त्याची हुर्यो सुरू झाली. समालोचक संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं, इतकी. त्या आवाजात माझाही आवाज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मैदानावर मुलींचा कबड्डीचा सराव. नववीतली एक चढाईपटू आठवडाभरापूर्वी निळ्या संघातून लाल संघात गेली होती. ती चढाईला आली की निळ्या मुली 'हूऽऽ' करायच्या. त्या दिवशी तिचा दम मध्येच तुटला. मी थांबवायला गेले तर घशातून आवाजच फुटेना, आदल्या रात्री ओरडून बसला होता. शेवटी शिट्टी वाजवली. आणि शिट्टी तोंडात असतानाच लक्षात आलं की तिला संघ बदलायला मीच लावलं होतं. लाल संघ कच्चा पडत होता म्हणून. मुली मला एक शब्द बोलल्या नाहीत. निर्णय माझा आणि हुर्यो तिची.

त्या दिवसापासून मी ही वही ठेवते आणि मुलींनाही ठेवायला लावते. एखादा खेळाडू आपल्याला का आवडतो किंवा का डोळ्यांसमोर नको असतो, हे शोधायची ही रीत आहे. चाळीस पानी वही आणि पेन्सिल एवढं पुरतं.

सुरुवात एका खेळाडूपासून करा. पानाच्या वर त्याचं नाव आणि तारीख लिहा. खाली एकच वाक्य: 'मला हा नको वाटतो, कारण…' आवडता असेल तर 'हवासा वाटतो'. अट अशी की विशेषणं चालणार नाहीत. माजोरडा, भाव खातो, ओव्हरॲक्टिंग करतो, यातलं काही लिहायचं नाही. डोळ्यांनी काय पाहिलं तेवढं लिहायचं: कुठल्या सामन्यात, काय केलं, कुणाला काय बोलला. मुलींना इथेच सगळ्यात जास्त वेळ लागतो, मोठ्यांना तर त्याहून जास्त. हार्दिकच्या पानावर मी अर्धा तास पेन्सिल धरून बसले होते. शेवटी लिहिलं, 'कारण रोहितचं कर्णधारपद गेलं.' वाक्य वाचलं तर त्यात हार्दिक कुठेच नव्हता.

म्हणून दुसरं काम: त्या वाक्यातला कर्ता शोधा. व्याकरणात शोधतो तसाच. हे कुणी केलं? नोव्हेंबर 2023 मध्ये मुंबईने हार्दिकला गुजरातकडून परत आणलं आणि डिसेंबरमध्ये कर्णधार केलं. रोहित शर्माने पाच विजेतेपदं मिळवून दिलेली, त्यामुळे लोकांना लागलं, आणि लागायलाच हवं होतं. त्या रागाला मी खोटं म्हणणार नाही. पण निर्णय घेणारे बंद खोलीत असतात. मैदानात उभा असतो तो खेळाडू, राग त्याच्यावर निघतो. हा हार्दिक 2015 पासून 2021 पर्यंत मुंबईचाच होता, चार विजेतेपदांमध्ये होता. तेव्हा त्याच्या षटकारांवर आम्हीच नाचलो होतो. वानखेडेवर त्या रात्री सीमारेषेजवळ उभ्या असलेल्या रोहितनेच हाताने खूण करून प्रेक्षकांना थांबायला सांगितलं. ज्याच्या बाजूने आम्ही भांडत होतो, त्यालाच ते नको होतं.

कर्ता सापडला की कारण कुठल्या जातीचं आहे ते बघा. माझ्या अनुभवात बहुतेक कारणं तीन-चार जातींतच बसतात. पहिली म्हणजे आपलेपणा. हा किती झटकन तयार होतो ते बघायचं असेल तर 1 ऑगस्ट 2024 ची दुपार आठवा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेने रायफल नेमबाजीतलं 50 मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य घेतलं. सकाळी माझ्या वर्गात त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. संध्याकाळी तो 'आपला स्वप्निल' होता, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला, खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकाचा वारस. यात वाईट काही नाही, मला तर भरून आलं होतं. फक्त वहीत तसं लिहावं: 'आवडतो, कारण आपल्याकडचा.' त्याला नेमबाजीच्या जाणकारीचं नाव देऊ नये.

दुसरी जात दुबळ्याच्या बाजूची. समोरासमोर दोन अनोळखी संघ आले की आपण हरणाऱ्याकडे झुकतो. ती फारशी तपासावी लागत नाही, दोन षटकारांत पालटते. तिसरी जात वर आलीच, दुसऱ्या कुणाची तरी जागा घेतली म्हणून राग. हीच सगळ्यात फसवी, कारण तिच्यात प्रेम असतं, फक्त ते तिसऱ्याच माणसावर असतं.

चौथी खऱ्या वागणुकीची. इथे विरोध करायला माझी पूर्ण मोकळीक आहे. मार्च 2018 मध्ये केपटाऊनला ऑस्ट्रेलियाच्या संघाने लबाडीने चेंडू सँडपेपरने घासला, स्मिथ आणि वॉर्नरवर वर्षाची बंदी आली, बॅनक्रॉफ्टवर नऊ महिन्यांची. त्यांच्यावर लोक चिडले ते रास्तच होतं. पण अशा पानावर मी मुलींना आणखी एक ओळ लिहायला लावते: 'शिक्षा भोगून झाली का?' जून 2019 मध्ये लंडनच्या ओव्हलवर भारतीय प्रेक्षक स्मिथला डिवचत होते, तेव्हा विराट कोहलीने फलंदाजी करता करता त्यांना टाळ्या वाजवायची खूण केली. सामना चालू, समोर ऑस्ट्रेलिया, आणि त्यातून हा विचार सुचणं सोपं नाही.

आता जर्सी बदलून बघायचं. हा प्रयोग घरात दोन जणांनी मिळून करावा. वादाचा एक प्रसंग मोबाइलवर लावा आणि दोघांनी वेगवेगळ्या कागदावर दोन्ही बाजूंच्या चुका मोजा. एकमेकांचं बघायचं नाही. आमच्या सरावाची दोन मिनिटांची चित्रफीत मी दोन्ही संघांना दाखवली. जर्सी ओढणं, दम तुटणं, पाय बाहेर जाणं, एवढंच मोजायचं होतं. निळ्यांना लाल संघाच्या सात चुका दिसल्या, लालांना स्वतःच्या तीन. चित्रफीत तीच. कुणी लबाडी केली नव्हती, मी त्यांच्या मागे उभी राहून बघत होते. लाल मुलींची नजर पकडीच्या वेळी जर्सीवर जातच नव्हती. अमेरिकेत 1951 साली प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांचा अमेरिकन फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला होता. नंतर त्याची फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली. डार्टमथच्या मुलांना आपल्या संघाच्या जेवढ्या चुका दिसल्या, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या मुलांना दिसल्या. मुलींना हे सांगितलं तेव्हा त्यांना बरं वाटलं, हे आपल्याच डोळ्यांचं नाही म्हणून.

सामना संपल्यावर एक छोटं काम. पहिल्या पाच मिनिटांत तोंडून निघालेली वाक्यं जशीच्या तशी उतरवा. 'आपण जिंकलो' आणि 'ते हरले', हा फरक लगेच दिसतो. 1976 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांकडे नेमकं हेच पाहिलं. संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे जास्त दिसायचे, आणि जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना 'आम्ही' जास्त यायचं. जो खेळाडू हरताना 'तो' आणि जिंकताना 'आपला' होतो, त्याच्या नावापुढे मी फुली मारते. त्याच्यावर आपलं प्रेम नसतं, आपल्याला त्याचा निकाल हवा असतो.

आणि याला कुणीही अपवाद नाही. मार्च 2006 मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर 21 चेंडूंत 1 धाव करून परतत होता, तेव्हा याच वानखेडेवर काही जणांनी त्याची हुर्यो उडवली होती. सचिनची. वानखेडेवर. भाच्याला हे सांगितलं तर तो अजून मानत नाही.

शेवटचं काम सगळ्यांत अवघड: तीन महिन्यांनी तेच पान पुन्हा उघडा. माझं पान मी 30 जूनला उघडलं. आदल्या रात्री बार्बाडोसमध्ये टी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना, दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात 16 हव्या होत्या आणि चेंडू हार्दिकच्या हातात होता. त्याआधी त्याने क्लासेनला काढलं होतं. शेवटच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर मिलरचा तो झेल सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतला. 7 धावांनी जिंकलो. हार्दिक मैदानावर रडला, इकडे मी रडले. 4 जुलैला मरीन ड्राइव्हवर पाय ठेवायला जागा नव्हती आणि वानखेडेवर त्याच्याच नावाचा घोष चालला होता.

मी वहीत लिहिलं, 'आता आवडतो.' कारण लिहायला गेले आणि पेन्सिल पुन्हा अडली. एप्रिलमध्ये त्याने चूक केली नव्हती, तर जूनमध्ये मी त्याला माफ कशाबद्दल केलं? जिंकला म्हणून माफी देणं हे हरला म्हणून हुर्यो उडवण्याइतकंच अन्यायाचं आहे. वानखेडेवर त्या रात्री तो 34 धावा करून बाद झाला होता. संघ 20 धावांत 4 बाद अशा अवस्थेत असताना तो आला, पुढे-मागे सगळे पडत असताना त्याने फटके मारले, मी ते बघितले होते आणि हात मांडीखाली दाबून बसले होते. टाळी तेव्हाची राहिली होती. पानावर तसं लिहून मी खाली तारीख घातली.

सरावातल्या त्या चढाईपटूचा संघ मी का बदलला ते दोन्ही संघांना समोर बसवून सांगितलं. नाराज असाल तर माझ्याकडे या, असंही सांगितलं. दोघी आल्या, भांडल्या आणि गेल्या. चढाईच्या वेळचं 'हूऽऽ' मात्र थांबलं. ती मुलगी आता वही घेऊन येते, तिच्या यादीत एक चेन्नईचा गोलंदाज आहे, कारणाची जागा अजून कोरी आहे.

तुम्ही पहिलं पान पुढच्या सामन्याच्या टॉसच्या आधी लिहा. टॉसनंतर लिहिलेलं धरत नाही.