एमएक्स-५ च्या पुढच्या स्प्रिंगा बदलताना

माझी गाडी माझ्दा एमएक्स-५, १९९१ सालची, १.६ लिटर इंजिनाची. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते स्प्रिंगच्या खालच्या वेढ्यापाशी साचतं आणि गंज तिथूनच धरतो. गाडी डावीकडे बसल्यासारखी दिसली, म्हणून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं: उजवीकडे ३५४ मिमी, डावीकडे ३४१. डाव्या स्प्रिंगचं खालचं टोक तुटलं होतं. तुटक्या स्प्रिंगवर इथल्या वार्षिक एमओटी तपासणीत गाडी नापास होते. एकच तुटली असली तरी जोडी बदला.

आदल्या रात्री बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडीचा कल कमी करणारा दांडा) लिंक दोन्ही बाजूंच्या सोडवा, नाहीतर खालचा विशबोन (चाकाला गाडीशी जोडणारी आडवी भुजा) पुरेसा खाली येत नाही. शॉकअपचा खालचा बोल्ट, वरचे दोन नट आणि वरच्या विशबोनचा लांब बोल्ट काढला की शॉकअप स्प्रिंगसकट बाहेर येतो. हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या नळीवर ताण येता कामा नये.

सुटं करण्याआधी वरची बैठक आणि खालचा बुश (बोल्टाभोवतीचा रबरी सांधा) एकमेकांशी कसे आहेत, त्याची खडूने खूण करा. मी पहिल्यांदा केली नव्हती. सगळं पुन्हा उघडावं लागलं.

स्प्रिंग दाबण्याचे दोन्ही हूक समोरासमोर लावा आणि आळीपाळीने थोडं थोडं आवळा, हातानेच. स्प्रिंग बैठकीत सैल हलायला लागेपर्यंत मधल्या नटाला पाना लावायचा नाही आणि तिच्या टोकासमोर उभं राहायचं नाही. दाबलेल्या स्प्रिंगचा जोर हात मोडू शकतो. नवीन स्प्रिंगचं टोक खालच्या बैठकीतल्या खाचेला टेकलं पाहिजे.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. विशबोनच्या बुशांमधलं रबर आतल्या नळीला घट्ट चिकटलेलं असतं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळले, की गाडी खाली आल्यावर ते रबर कायम पिळलेलं राहतं: उंची चुकीची येते, बुश लवकर फाटतो. म्हणून आधी हलकेच लावा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी पुढे-मागे ढकला आणि मगच वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्यांप्रमाणे टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आवळा.

शंभरेक मैल चालवल्यावर मी पुन्हा मोजलं. दोन्हीकडे ३५८. त्यानंतरच अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घेतली.