मंडळीत सेवा करताना नम्र कसं राहावं

आमच्या नगर भागातल्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडेस्कूल आणि भजनाचं काम मी बरीच वर्षं बघते. नव्यानं सेवेत आलेल्या मुलामुलींना मी आधी हेच सांगते की स्वतःला हिणवत बसू नका. "मला कुठं येतंय हो गायला" असं म्हणणाऱ्याचं सगळं ध्यान स्वतःकडंच असतं. कोणी कौतुक केलं तर "देवाची कृपा" म्हणा आणि त्याच्या घरचं विचारा.

अंगातला गुण लपवायचा नाही. पंडिता रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'सरस्वती' पदवी दिली. पुढं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या बायबलचं मराठी करायला बसल्या. त्यासाठी हिब्रू, ग्रीक शिकल्या, आणि भाषा मात्र कमी शिकलेल्या बायांना कळेल अशी साधी ठेवली. एवढी विद्या त्यांनी त्या बायांच्या कामी लावली. नम्रता बघायची तर मी तिथं बघते.

साक्ष द्यायची असेल, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढं सांगायचं असेल, तर आधी कागदावर लिहून काढा. 'मी उपास केला', 'माझ्या प्रार्थनेनं अमक्याचं घर सावरलं' अशा ओळींखाली पेन्सिलीनं रेघ मारा. यात देवानं काय केलं, हे प्रत्येक ओळीला विचारा. उत्तर मिळालं नाही तर ती ओळ गाळा. बायबलात लूकच्या १८व्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, आठवड्यातून दोनदा उपास करायचा, दशमांश म्हणजे मिळकतीचा दहावा भाग द्यायचा. तो खोटं बोलला असं प्रभू येशू म्हणत नाही. पण देवापुढं उभं राहून त्यानं लोक पापी समजायचे त्या जकातदाराकडं बोट दाखवलं. म्हणून साक्षीत कुणाशी तुलना नको, शेजारच्या मंडळीशी तर मुळीच नको.

ज्याची घोषणा होत नाही असं एखादं काम नेहमी हातात ठेवा: सतरंज्या झटकणं, गीतपुस्तकं गोळा करणं, प्रभुभोजनाचे पेले धुणं. आभार मानताना तुमचं नाव राहिलं आणि मनाला लागलं, तर ते देवाला तसंच्या तसं सांगा. माफी मागताना "चुकलं माझं" एवढंच म्हणा, पुढं 'पण' लावू नका.

सगळ्यात जड जातं ते दुसऱ्याकडून घेणं. योहानाच्या १३व्या अध्यायात प्रभू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुतो. त्याला धरून देणारा शिष्य यहूदाही तेव्हा तिथंच असतो. पेत्र नावाचा शिष्य मात्र पाय धुऊ द्यायला तयार होत नाही. ऐकायला ती भक्ती वाटते, पण प्रभू ते चालवून घेत नाही. तेव्हा तुम्ही आजारी असताना मंडळीतल्या बहिणी डबा घेऊन आल्या तर "कशाला त्रास घेतला" म्हणून त्यांना दारातून परत धाडू नका. आत बोलवा, बसवा. तुम्हीच ज्याच्याकडून वचनं पाठ करून घेतली तो पोरगा प्रार्थनेला आला, तर त्याच्यापुढं डोकं वाकवा. तो अडखळला तरी मधेच शब्द सुचवू नका. घरात पैशाची ओढाताण असेल तर पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, सरळ सांगा. आणि डबा परत करताना त्यात घाईघाईनं काही भरून देऊ नका. थोडे दिवस त्या बहिणीच्या उपकारात राहा.