डिझाईन थिंकिंगचे स्टुडंट प्रोजेक्ट नेमके कुठं अडतात? या चुका टाळा

डिझाईन थिंकिंग म्हणजे वस्तू बनवायच्या आधी ती वापरणाऱ्या माणसाची अडचण समजून घ्यायची आणि मग नमुने करून तपासत जायचं. सोलापुरात आता बऱ्याच पोरांच्या हातात अर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, आलाय. कुणाच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असते, कुणी ऑनलाईन किट मागवतं, आणि शिकायची हौस तर आहेच. तरी कितीतरी प्रोजेक्ट विज्ञान प्रदर्शनात दोन दिवस चालतात आणि नंतर कपाटात जाऊन पडतात. वायरिंग चुकलेलं असतं म्हणून नाही, ती वस्तू नक्की कुणाला पाहिजे होती हेच कुणी विचारलेलं नसतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी किट उघडायचं आणि मग त्याला शोभेल असा प्रॉब्लेम शोधायचा. बॉक्समध्ये आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर दिसला की टाकी भरल्यावर वाजणारा अलार्म ठरलेलाच. पण आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं, कधी रात्री कधी पहाटे, तर आधी घरातल्या आजीला विचारा की ओ, टाकी वाहून जाईल ही तिची काळजी नसतेच, पाणी सुटलं आणि आपल्याला कळलंच नाही तर काय ही असते, म्हणून तर ती नळ उघडा ठेवून खाली पत्र्याची बादली ठेवते, आवाजानं जाग यावी म्हणून. एवढं कळलं की प्रोजेक्टच बदलतो. सेन्सर टाकीतून निघून नळापाशी येतो आणि अलार्म आजीच्या उशाशी.

आता इथं पुढची अडचण येते आणि ती मला फार आवडते, कारण ती आपल्या गावचीच आहे. पोरं पाईपला पाण्याचा प्रवाह मोजणारा फ्लो सेन्सर लावतात आणि तो पाणी यायच्या आधीच वाजायला लागतो. कारण रिकाम्या लाईनमधून पाण्याआधी हवा फुसफुसत येते आणि हवेनंसुद्धा आतलं चक्र फिरतं. मग दोन खिळे बादलीत सोडून पाणी टेकलं की सर्किट पूर्ण, असा जुगाड करतात. तो चालतो, पण खिळ्यांत सतत करंट राहिला तर थोड्याच दिवसांत ते गंजून खराब होतात. उपाय सोपा आहे, सेन्सरला ५ व्होल्ट कायम देऊ नका, डिजिटल पिनवरून रीडिंग घ्यायच्या क्षणापुरताच द्या आणि बंद करा. नाहीतर सरळ पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारा फ्लोट स्विच वापरा. झाडांच्या कुंडीतला ओलावा मोजणारा स्वस्तातला मॉइश्चर सेन्सर पण ह्याच कारणानं मरतो, तिथं कपॅसिटिव्ह घ्या, त्याचा धातू मातीला उघडा लागत नाही.

बोलायला जाताना प्रश्नांचा फॉर्म घेऊन जाऊ नका. ‘तुम्हाला काय प्रॉब्लेम आहे?’ असं विचारलं की ‘काय नाही बाळा, बरं चाललंय’ हेच उत्तर मिळणार. त्यापेक्षा ‘मागच्या वेळी पाणी आलं तेव्हा तुम्ही काय काय केलंत?’ असं विचारा आणि गप्प बसून ऐका. शहराच्या पूर्व भागात, जिथं बरीच तेलुगू भाषिक घरं आहेत, तिथं जाणार असाल तर तेलुगू बोलणारा मित्र सोबत घ्या, विडी वळणारी मावशी तिच्या भाषेत जे सांगेल ते मराठी फॉर्मवर उतरणार नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूल ह्या डिझाईन संस्थेमुळं प्रसिद्ध झालेल्या डिझाईन थिंकिंगच्या पाच पायऱ्या, म्हणजे समजून घेणं, प्रॉब्लेम नेमका मांडणं, कल्पना काढणं, नमुना बनवणं, तपासणं, ह्या चार्टवर लिहून क्रमानं टिक करायच्या नसतात, तपासताना परत पहिल्या पायरीवर यावं लागतं आणि ते नॉर्मल आहे.

नमुन्याचं सांगतो. पहिला नमुना थ्रीडी प्रिंट करू नका, त्यात तास न् तास जातात आणि एवढा वेळ घातला की पोरांना तो बदलवत नाही. टॉवेलच्या पॅकिंगचे खोके गावात भरपूर मिळतात, कटर आणि फेविकॉल घ्या, तासाभरात तीन नमुने होतात. प्रिंट केलंच तर लक्षात ठेवा, पीएलए हे प्रिंटरमधलं नेहमीचं प्लास्टिक साधारण ६० अंशाला मऊ पडतं, आपल्या मे महिन्यात बंद गाडीत किंवा पत्र्यावर ठेवलेला डबा वाकडा होणारच. पीईटीजी नावाचं दुसरं प्लास्टिक जास्त टिकतं.

सर्किट चालेना झालं की घाईत सगळंच बदलतात, कोड पण वायर पण सेन्सर पण, मग कशामुळं सुरू झालं तेच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. कोड अपलोड होईना तर आधी केबल बदलून बघा, बऱ्याच केबल फक्त चार्जिंगच्या असतात, मग पोर्ट, मग सीएच३४० चा (स्वस्त बोर्डवरच्या यूएसबी चिपचा) ड्रायव्हर, आणि ० व १ नंबरच्या पिनला काही जोडलं असेल तर अपलोडपुरतं काढा. सर्व्हो मोटर फिरली की बोर्ड रिसेट होतोय? मोटरला बोर्डच्या ५ व्होल्टवर चालवू नका, वेगळा सप्लाय द्या पण ग्राउंड (मायनसची वायर) एकत्र जोडा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटरसाठी नसतेच. अल्ट्रासॉनिकचं रीडिंग उड्या मारतंय तर समोर काय आहे ते बघा, चादर-टॉवेलसारखं मऊ कापड आवाज शोषून घेतं. आणि २३० व्होल्टवर रिले (बोर्डनं चालणारा स्विच) लावून पाण्याची मोटर चालवायचे प्रोजेक्ट शाळेतल्या पोरांना देऊच नका, तिथं प्रयोग नको.

कोड कॉपी केला म्हणून मी रागावत नाही, पण प्रत्येक ओळ काय करते ते पोरानं सांगितलं पाहिजे. ऑन-ऑफ शिकवायला जुनं जॅकार्ड, म्हणजे पंचकार्डावरून नक्षी विणणारं यंत्र, लावलेल्या मागावर घेऊन जा. पंचकार्डात भोक असलं तर तो धागा वर उचलायचा, नसलं तर नाही, चादरीवरचा अख्खा मोर एवढ्याच हिशोबावर उमटतो. पाचवीतलं पोर पण ते बघून बायनरी, म्हणजे कॉम्प्युटरचं ० आणि १, समजून घेतं.

पालकांना एक विनंती, प्रदर्शनाच्या आदल्या रात्री तुम्ही सोल्डरिंग करायला बसू नका. वेडावाकडा चाललेला पण पोरानं स्वतः केलेला अलार्म मला चकचकीत मॉडेलपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

टेस्टिंग वर्गमित्रांवर करून भागत नाही. अलार्म आजीच्या हातात द्या, कसं वापरायचं ते सांगू नका, ती कुठं थांबते, कुठलं बटण चुकून दाबते ते लिहून घ्या. पाणी रोज येत नाही, त्यामुळं दोन टेस्टच्या मध्ये बरेच दिवस जातात, आणि आवाज मोठा करणं, लाईट मोठी करणं, बटण एकच ठेवणं असे बदल करून परत बघायचे तर चार-पाच वेळा तरी पाणी यावं लागतं. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास प्रदर्शन असेल तर नळापाशी सेन्सर दिवाळीच्या सुट्टीतच लागलेला पाहिजे.