जुना फ्लॉपी ड्राइव्ह मागवताय? आधी मागची पट्टी वाचा

कमोडोर ६४ हा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर मिळून जातो, खरी दमछाक होते ती त्याच्या फ्लॉपी ड्राइव्हसाठी. १५४१ हा त्याचा नेहमीचा ड्राइव्ह त्यातल्या त्यात सापडतो. पण कमोडोरच्याच आधीच्या व्हिक-२० कॉम्प्युटरसाठी निघालेला १५४०, साडेतीन इंची १५८१ किंवा एक मेगाबाइटचा एसएफडी-१००१ विक्रीला दिसला की माणूस आधी पैसे भरतो आणि मग विचार करतो. थांबा. विक्रेत्याकडून मागच्या पट्टीचा फोटो मागवा आणि व्होल्ट किती ते वाचा. समोरून काढलेले चकचकीत फोटो तो ढीगभर पाठवेल. ते नकोत, मागचा हवा.

कारण सांगतो. अमेरिकेतला १५४१ चालतो १२० व्होल्टवर, आपल्या भिंतीत २३०. ट्रान्सफॉर्मर ड्राइव्हच्या पोटात, आणि मागचं सॉकेट मात्र डेस्कटॉपसारखंच. घरात पडलेली कुठलीही मॉनिटरची केबल त्यात चपखल बसते, अडवणारं काहीच नाही. फ्यूज वेळेवर उडाला तर नशीब. नाही उडाला तर जो धूर निघतो त्याचा वास पडद्यांतून लवकर जात नाही, आणि हे ऐकीव नाही.

म्हणून पार्सल यायच्या आधी स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा, ट्रान्सफॉर्मर घरात हवा. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा. शंभर वॅटचा पुरतो. पिना बदलणारा अडॅप्टर म्हणजे ट्रान्सफॉर्मर नव्हे! त्याने फक्त पिना बदलतात, व्होल्टेज तेवढंच राहतं. हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके प्रवासी कन्व्हर्टरही चालत नाहीत. हातात घेतल्यावर जड लागला पाहिजे. ५० की ६० हर्ट्झ याची चिंता नको, आतली मोटर डीसी आहे.

१५४१-२ आणि १५८१ यांचा पॉवर सप्लाय बाहेर असतो, तिथे निभावतं. पण त्या ठोकळ्यावरची पट्टीसुद्धा वाचायचीच. अटारीच्या १०५० ड्राइव्हला ९ व्होल्ट एसी लागतो, डीसी नव्हे. ॲपलच्या डिस्क टू ड्राइव्हला वीज कॉम्प्युटरकडूनच मिळते. तिथला धोका निराळा: चपटी केबल एक पिन सरकून बसली तर आतली ७४एलएस१२५ ही चिप गेलीच. कॉम्प्युटर बंद करून, टॉर्च लावून, पिना बघून बसवा. कमोडोरची सीरियल केबलही चालू असताना काढू-घालू नका.

पॅकिंगबद्दल विक्रेत्याला स्पष्ट सांगा: तोंडात पुठ्ठ्याचा तुकडा घालूनच पाठव. मूळचा नसेल तर खराब फ्लॉपी चालेल. फ्लॉपी वाचणारं-लिहिणारं हेड मोकळं राहून वाटेत आपटलं की अलाइनमेंट, म्हणजे त्याची नेमकी जागा, बिघडते, आणि ते जुळवत बसणं म्हणजे वैताग. बबल रॅप वगैरे तो करेलच.

ड्राइव्ह आला की लगेच कॉम्प्युटरला जोडू नका. पट्टी पुन्हा वाचा. हो, फोटोत वाचली असली तरी. फोटो दुसऱ्याच नगाचा असू शकतो. मग झाकण काढा, ट्रान्सफॉर्मरमधून एकटा चालू करा आणि मल्टिमीटरने ५ आणि १२ व्होल्ट तपासा. आत मेन्सचे २३० नसले तरी १२० आहेत, बोटं लांब ठेवा.

हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापूस काळा निघायचा थांबेपर्यंत पुसा, मळलेलं हेड चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे काढतं. चाचणीसाठी गेली तरी चालेल अशी सव्वापाच इंची डबल डेन्सिटी (कमी क्षमतेची) फ्लॉपी घ्या. हाय डेन्सिटी दिसायला तशीच असते, पण तिच्यावर भरवशाने लिहिलं जात नाही. मधल्या भोकाभोवती मजबुतीची कडी असेल तर बहुधा डबल. पावसाळ्यात बुरशी धरलेली फ्लॉपी आत घालूच नका.

ॲमस्ट्रॅड कॉम्प्युटरचा तीन इंची ड्राइव्ह असेल तर रबरी पट्टा बदला. त्याचा चिकट लगदा झालेला असतो. शिवाय त्याच्या पॉवर कनेक्टरवर ५ आणि १२ पीसीच्या उलट असतात, पीसीची केबल लावू नका.

बाकी सिलिका जेल, झाकण, कोरडं कपाट, तुम्हाला माहीत आहेच.

आणि सॉकेटवर लाल टेप लावून मोठ्या अक्षरांत १२० लिहून ठेवा. घरात कोणीतरी मॉनिटरची केबल घेऊन येतंच.